परीक्षेतला पेशंट

आमच्या गल्लीतले काका धंद्यानं शिंपी, पण नव्या माणसाला सांगतात, "मी दरसाल मेडिकलच्या परीक्षेले बसतो." त्यांच्या हृदयाची एक झडप गळकी आहे. तिचा आवाज इतका स्पष्ट येतो म्हणे, की परीक्षा आली की कॉलेजवाले त्यांना बोलावून खाटेवर झोपवतात आणि होऊ घातलेले डॉक्टर त्यांना तपासून रोग ओळखतात. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जातात. परीक्षकाची पाठ वळली की घामाघूम झालेल्या पोरांना हळूच सांगतात, "झडप पाहा, झडप."

यंदा त्यांच्याच खाटेपाशी माझ्या मुलीचा नंबर लागला. आम्ही निर्धास्त! आणि पोरगी नापास झाली. निकाल कळला तसा मी तावातावानं त्यांच्या दारात उभा राहिलो.

"घरच्यासारख्या पोरीले एवढं सांगता नाही आलं?"

काका सदऱ्याला काजं करत होते. "थंडगार स्टेथोस्कोप ठेवला गा तिनं छातीवर. जो तळहातावर घासून गरम करते, त्यालेच मी सांगतो. हा माह्या घरचा पेपर आहे."

मी चिडून म्हटलं, "आता शिक्षणात सुधारणा होऊन राहिल्या. उद्या तुमच्या जागी प्लास्टिकचे पुतळे झोपवतीन."

काकांची सुई थांबली.

"झोपवू दे ना. पण पुतळ्याले थंड लागते काय गा?"