खंडेनवमीला पुजलेलं पिस्तूल

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिस्तुलाचा परवाना काढला तो कारखान्याच्या निवडणुकीत धमक्या आल्या म्हणून. सांगायला तरी तसंच होतं. कसल्या धमक्या आन् कसलं काय! खरं भांडण बांधावरच्या वाटेचं होतं. आबांचा सख्खा धाकटा भाऊ, माझा काका, त्या वाटेनं आपल्या गोठ्याकडं जायचा. आबांनी वाटेवर काट्या टाकायच्या, त्यानं त्या उचलून फेकायच्या. "पुन्यांदा आला तर आडवा करीन," असं आबा भरल्या ताटावर बोलायचे आणि आईचा घास तिथंच थांबायचा.

पिस्तूल घरी आलं ते नवरात्रात. खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाड, ट्रॅक्टर यांच्याबरोबर त्याचीही पूजा झाली. एरवी आई हत्याराला बोटाच्या टोकानं कुंकू लावते. त्या दिवशी तिनं तेलात कालवून मूठभर हळदकुंकू त्याला फासलं. आबा खूश. "कुणी पुसायचं न्हाई, देवाचं हाय," म्हणाले.

दसरा झाल्यावर आम्ही दौंडकडच्या एका रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. आमच्या यवतपासून गाडी मीच चालवली. माळावर मातीचा उंच ढिगारा आणि त्याच्यापुढं माणसाच्या आकाराचे पुठ्ठे. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. गोळ्या भरायच्या आधी आबांनी पिस्तूल कौतुकानं माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं चांगलं जड असेल. कसलं काय, वाण्याच्या तराजूतल्या मापाएवढं! एवढ्याशा लोखंडासाठी ह्या माणसानं तालुक्याला खेटे घातले? तळहात लाल तेलकट झाला. खरं सांगतो, किळस आली मला.

सुभेदारांनी गोळ्या भरल्या आणि पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढला. तो अर्ध्यातच अडकून बसला. आत सगळा कुंकवाचा लगदा. माझा जीव भांड्यात पडला. सुभेदार मात्र उखडले, "अहो, हत्यार हाय का देवघरातला टाक?" रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ते बसले आणि त्यांनी कानाकोपरा साफ केला.

मग ते वाजलं. आबांच्या पहिल्या गोळ्या मातीत गेल्या. नंतरची एक पुठ्ठ्याच्या छातीत बसली आणि आबा हसले. त्यांना इतकं मनापासून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आई चुलीपुढं होती. "वाजलं का रे?"

"वाजलं. आधी कुंकवानं अडकलं होतं, मग साफ केलं त्यांनी."

तिनं हातातली भाकरी तशीच परातीत टाकली. "मुद्दामच कोंबलं होतं मी," म्हणाली. "पळ, भावजींना सांग, त्या वाटेनं येऊ नका म्हणावं."

काका धार काढत होता. माझं ऐकून पोट धरून हसला. "येड्या, दादा मला गोळी घालंल व्हय? त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली म्या!"

त्याच आठवड्यात एका सकाळी दुधाची बादली घेऊन तो त्याच वाटेनं आला. आवाज एकच झाला.

पोलीस आबांना घेऊन गेले. काकूचा आक्रोश साऱ्या वस्तीला ऐकू येत होता. आई भिंतीला टेकून स्वतःच्या तळहाताकडं बघत बसली होती. मी जवळ गेलो.

"कमी पडलं रे," ती म्हणाली. "आजून कोंबाया पायजे हुतं."