सिस्टरबाईंनी तपासलेल्या नायिका

मराठी कादंबरीत आजवर जितक्या नायिका क्षयाने मेल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या सिस्टरबाईंच्या वॉर्डात असत्या तर वाचल्या असत्या, आणि उरलेल्या निम्म्यांना क्षय झालेलाच नव्हता हे बाईंनी पुराव्यानिशी सिद्ध केलं असतं. हे मी हवेत बोलत नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका लहानशा वाचनालयात मी सत्तरच्या दशकात ग्रंथपाल म्हणून लागलो. तिथे प्रेमकथांची दोन कपाटं होती आणि त्यातलं एकही पुस्तक असं नव्हतं, की ज्याच्या समासात बाईंनी पेन्सिलीने रोगनिदान केलेलं नाही. ‘तीन महिने खोकला. थुंकी तपासली काय?’ ‘ही चक्कर नाही, उपास आहे.’ ‘ताप किती होता ते लेखकाले माहीत नाही, मंग डॉक्टरले कसं कळलं?’ बाई जवळच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळायच्या. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या. गुरुवारी सुटी असली की कडक पांढऱ्या साडीत वाचनालयात यायच्या आणि ‘नवीन काय आलं’ असं इतरांसारखं न विचारता टेबलावर बोटं वाजवून म्हणायच्या, “आणखी कोण आजारी आहे गा, भाऊ?”

मी मुकाट्याने दोन कादंबऱ्या पुढे करायचो. पुढच्या गुरुवारी त्या परत यायच्या त्या तपासणी होऊनच. बाईंची पहिली तक्रार अशी की या पुस्तकांत कुणी जेवत नाही. चहा पितात, तोही गार झालेला, कारण नायक बोलण्यात गुंतलेला असतो. एका कादंबरीच्या शेवटी त्यांनी हिशेबच मांडला होता: ‘२१२ पानं. चहा चौदा वेळा. पोळी एकदाही नाही. ॲसिडिटीले हे लोक प्रेम म्हणून राहिले.’ दुसरी तक्रार नायकांबद्दल. त्या काळातला नायक बापाच्या कारखान्याचा मालक असायचा, पण कारखान्यात जाताना कुणी त्याला पाहिलेलं नसायचं. तो पाठमोरा खिडकीत उभा राहून पाइप ओढायचा. ‘हा खिडकीतून हटत काहून नाही? मागं वारं लागते लोकांले,’ असा शेरा मी स्वतः वाचला आहे. एका नायकाने रुसलेल्या नायिकेसाठी बंद खोलीत रात्रभर पियानो वाजवला, त्यावर बाईंनी लिहिलं होतं, ‘मे महिन्यात नागपूरले येऊन वाजव.’ सगळ्या प्रेमिकांनी पुण्या-मुंबईलाच जन्म घ्यावा आणि महाबळेश्वरलाच रुसावं, याचा त्यांना खरा राग होता. “आमच्या इकडे प्रेमाले बंदी आहे काय गा?” त्या मला विचारायच्या, जणू ती बंदी मीच फलकावर लावली होती. नायिकेच्या डोळ्यांत समुद्र दिसला की त्या समुद्र खोडून शेजारी ‘अंबाझरी’ लिहायच्या. तलावाचं पाणी निदान रोज पाहण्यातलं होतं.

एकदा मात्र त्या गुरुवार सोडून मंगळवारीच आल्या, आणि त्याही संतापून. कादंबरी टेबलावर आपटली. अपघातात सापडलेल्या नायिकेला नायक आपलं रक्त देतो, ते तिच्या अंगात जातं आणि त्याबरोबर त्याचं प्रेमही तिला कळतं, असा तो प्रसंग होता. त्या आठवड्यात निम्म्या धंतोलीने तो रुमालाने डोळे टिपत वाचला होता. बाई म्हणाल्या, “ग्रुप पाहिला नाही, क्रॉसमॅच केलं नाही, सरळ बाटली लावली. हा नायक नाही, हा खुनी आहे. हे पुस्तक कपाटात ठेवू नको. उद्या एखादा पोट्टा हेच करन.” मी म्हटलं, “बाई, पण ती वाचते शेवटी.” बाई म्हणाल्या, “लेखकाच्या नशिबानं वाचली. दर वेळी लेखक नसते तिथं.” पुस्तक मी कपाटात ठेवलं, पण पहिल्या पानावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने ‘धोका’ असं लिहिलं ते लिहू दिलं. परिणाम असा झाला की त्या पुस्तकासाठी तीन महिन्यांची यादी लागली.

यात माझाही स्वार्थ होता, तो कबूल करतो. हळूहळू सभासद कादंबरी मागेनासे झाले. ‘सिस्टरबाईंनी तपासलेली द्या’ असं म्हणू लागले. बायका दुपारी अंगणात बसून एकमेकींना कादंबरीतला एक परिच्छेद आणि बाईंचा एक शेरा असं आळीपाळीने वाचून दाखवत, आणि शेऱ्याला जास्त हशा मिळे. पुस्तकावर लिहू नये असा नियम भिंतीवर टांगलेला होता. पण आमचे जुने चिटणीस वकील होते, आणि बाईंचे शेरे तेही चोरून वाचत. त्यामुळे नियम भिंतीवर राहिला.

मग एका हिवाळ्यात बाईंच्या बारीक, उभट अक्षराखाली दुसरं अक्षर दिसू लागलं. जाड, बोथट पेन्सिल, आणि दाब असा की मागच्या पानावर वळ उठावेत. ते अक्षर कुणाचं हे मला लगेच कळलं. शहराबाहेरच्या हुडकेश्वरहून दर रविवारी सकाळी सायकलवर एक संत्र्याचे बागायतदार यायचे. विधुर, उंच, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. प्रेमकथेचं पुस्तक हातात घेताना दर वेळी ‘सुनेसाठी पाहिजे’ म्हणायचे. सून मुलाबरोबर भिलाईला असायची आणि वर्षातून एकदा यायची. पण आमच्याकडे प्रेमकथा नेणारा प्रत्येक पुरुष ती दुसऱ्या कुणासाठी तरीच नेत असे, त्यामुळे मी नोंद करून मोकळा व्हायचो. त्यांचा पहिला शेरा आठवतो. नायक दोन वर्षं नायिकेच्या घरावरून सायकल फिरवतो आणि एक शब्द बोलत नाही, तिथे बाईंनी लिहिलं होतं, ‘दोन वर्षं झुरला. दोन मिनिटांत विचारता आलं असतं.’ खाली जाड अक्षरात होतं: ‘बाईले विचारणं सोपं नसते. बैल विकत घेणं परवडलं.’

पुढच्या गुरुवारी बाईंनी ते पान माझ्यासमोर धरलं. “हे कोण लिहून राहिलं गा?”

“सभासदांची नावं सांगता येत नाहीत, बाई. नियम आहे.” असा नियम भिंतीवर कुठेच नव्हता, तो मी सोयीने तिथल्या तिथे केला.

“त्याले सांग, बैलाच्या बाजारात जा मंग,” म्हणत बाईंनी पुस्तक परत नेलं आणि तेच समासात लिहून आणलं. तिथून जी जुगलबंदी सुरू झाली, ती कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी रंगतदार होती. नायक दारू पिऊन दुःख विसरतो, तिथे बाईंनी यकृताचं वर्णन केलं, तर खाली उत्तर आलं, ‘माझ्या भावाचं असंच झालं. तुमचं बरोबर आहे.’ नायिका श्रीमंत नवऱ्याला सोडून चित्रकाराकडे जाते, तिथे हुडकेश्वरने लिहिलं, ‘चित्र विकत नाही हा. खाईल काय?’ बाईंनी खाली लिहिलं, ‘पहिल्यांदा कोणी जेवणाचं विचारलं. आभारी आहे.’ मला दिसत होतं ते इतकंच, की बाई आता गुरुवारी येत नव्हत्या. रविवारी संध्याकाळी, ड्युटी संपवून तशाच थकलेल्या यायच्या, आणि सकाळी परत आलेल्या गठ्ठ्यात आधी हात घालायच्या. कपाटातल्या सगळ्यांत टाकाऊ कादंबऱ्या त्या मुद्दाम मागत, कारण त्यात भांडायला जागा जास्त असे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तापाच्या नोंदी ठेवणाऱ्या या बाईशी कुणी तिच्या मताबद्दल बोलत होतं, बहुधा पहिल्यांदाच. मी दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती. सकाळच्या माणसाला एकदा संध्याकाळी बोलावलं असतं तरी भागलं असतं. पण मला ती फुकटची क्रमशः कथा वाचायला मजा येत होती, आणि ती लवकर संपू नये असं वाटत होतं.

एप्रिलअखेर नवे चिटणीस आले. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी भिंतीवरचा नियम वाचला, हीच पहिली आफत. वार्षिक पडताळणीसाठी वाचनालय आठवडाभर बंद ठेवायचं आणि प्रत्येक पुस्तकातलं पेन्सिलचं लिखाण पुसून काढायचं, असा हुकूम निघाला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून, मांडीवर पुस्तकं घेऊन मी सहा दिवस खोडरबर घासत होतो. सुरुवातीला प्रत्येक शेरा वाचून, हसून पुसायचो. नंतर हात दुखू लागला, मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहू लागले, आणि मी न वाचताच घासू लागलो. बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी सकाळी हुडकेश्वरहून आलेली एक जाडजूड कादंबरी त्यातच होती. त्या संध्याकाळी बाईंना तातडीच्या ऑपरेशनमुळे येता आलं नव्हतं. त्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पाच-सहा ओळी होत्या. ‘विहिरीचं पाणी’ एवढं माझ्या नजरेला पडलं. शेतीचं काहीतरी असेल म्हणून मी ते पुसलं.

वाचनालय उघडल्यावर बाई आल्या, कोरे समास पाहून मला भरपूर बोलल्या, आणि तीच कादंबरी घेऊन गेल्या. आठवड्याने परत केली. त्यानंतरच्या रविवारी बागायतदार आले. सगळी पुस्तकं साफ केल्याची सूचना फलकावर होती, पण फलक वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं आणि सरळ शेवटचं पान उघडलं. ते उलटून मागूनही पाहिलं. मग मधली पानंही चाळली.

“हे बाईंनी नेलं होतं काय, भाऊ?”

टेबलापाशी चार माणसं खोळंबली होती. मी रजिस्टर पाहिलं. “हो. नेलं आणि वाचून परतही केलं.”

“बरं,” ते म्हणाले. पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरले. त्या दिवशी सुनेसाठी काही नेलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मी ते पान उजेडात तिरकं धरलं. अक्षर गेलं होतं, वळ राहिले होते. ‘बाई, झुरण्यात अर्थ नाही हे तुमचं म्हणणं मले पटलं. म्हणून विचारून राहिलो. वय सत्तावन्न. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. स्वयंपाक मले येते. घरच्या विहिरीचं पाणी गोड आहे. हुडकेश्वरले याल काय? हो असन तर खाली लिहा. नाही असन तर हे पुसून टाका, मी समजून जाईन.’

मी दारापर्यंत धावलो. सायकल केव्हाच गेली होती. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी हुडकेश्वरला गेलो, तर बाग ठेक्याने देऊन ते मुलाकडे भिलाईला गेल्याचं कळलं. पत्ता मिळाला. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. बाईंना विचारल्याशिवाय काय कळवणार, आणि बाईंना सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार. खरं सांगायचं तर मी भ्यालो. कादंबरीतल्या ज्या नायकांना मी बाईंच्या जोडीने हसलो, त्यांच्यातला एकही इतका भित्रा नव्हता. बाई आणखी दोन-तीन रविवार आल्या, गठ्ठा उलटापालटा केला, मग पुन्हा गुरुवारी येऊ लागल्या. समासात लिहिणं त्यांनी सोडून दिलं. मुख्याध्यापकांना वाटलं शिस्त लागली. पुढच्या वर्षी भिलाईहून मुलगा बाग विकायला आला तेव्हा वडिलांचं सभासदत्व रद्द करून गेला. ते थंडीत वारले होते.

बाई निवृत्त होऊन भावाकडे काटोलला जायच्या आधी शेवटची पुस्तकं परत करायला आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते गेल्याचंही सांगितलं. रोग्याची तक्रार ऐकावी तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

“इतकी वर्षं पोटात ठेवलं गा?” एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “पुस्तक आण.”

मी आणलं. त्या खिडकीपाशी गेल्या, चष्मा वर केला, पान तिरकं धरलं आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. नंतर माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन उभ्याउभ्याच खाली काहीतरी लिहिलं, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, “बसची वेळ झाली,” म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी पान उघडलं. बारीक, उभट अक्षरात होतं: ‘पाणी उकळून घेतलं असतं. बाकी हरकत नव्हती.’

ते पुस्तक अजून वाचनालयात आहे. नेणारे नेतात आणि शेवटच्या पानावरची ओळ वाचून मला विचारतात, हे कादंबरीत नेमकं कुठल्या प्रसंगाबद्दल आहे. मी म्हणतो, माहीत नाही.