तळणीपुढची वहिनी

माझं शिवणाचं दुकान आणि तिचं तळणीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे तेल चुरचुरत असतं, आणि माझ्याकडे शिवायला आलेला प्रत्येक कपडा घरी जाताना बटाट्याचा वास घेऊन जातो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मी म्हणते, एकदा धुऊन वापरा.

पलीकडे तळायची ती वहिनी. आधी नवऱ्याचे मित्र तिला वहिनी म्हणायचे, मग गॅरेजवाला, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. मी वयाने मोठी, तरी माझ्याही तोंडात तेच बसलं. त्यांच्याकडे पदार्थ एकच, बटाट्याचे तळलेले काप. बोटाएवढे, वरून खरपूस, आतून मऊ. कापलेले बटाटे पाण्यात ठेवायचे, फडक्यावर कोरडे करायचे, एकदा मंद तेलात काढायचे, आणि निवले की पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. घाणा उतरला की त्यातला पहिला काप वहिनीच्या तोंडात. मीठ बरोबर पडलंय का, गाभा शिजलाय का, हे तिच्या दातांना कळायचं.

"मी खात नाही हो ताई, नुसती चाखते," ती म्हणायची.

पण घाण्यावर घाणे उतरत आणि चाखणं काही थांबत नसे. तिचे कपडे मी उसवून सैल करत गेले. शिवणीतली माया संपली तेव्हा बाजूने पट्ट्या जोडायला लागले. पुढे साखर वाढली, गुडघे बोलायला लागले. झोपेत तिचा श्वास अडकायचा आणि नवरा घाबरून तिला हलवून उठवायचा. शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. घरात बराच खल झाला. सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं पोट कापून टाकायचं म्हणजे काय?" वहिनी म्हणाली, "देवानं गुडघेपण दिलेत, ते चाललेत ना कामातून?" आणि तिने सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. अडचण सुरू झाली ती घरी आल्यावर.

त्यांचं घर दुकानाच्या वर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खाली उतरायला एकच जिना. तो जिना थेट तळणीच्या मागे उतरतो. वर वहिनी पेल्यातून पातळ सूप घोट घोट पीत पडलेली, आणि जिन्यातून कापांचा वास वर चढतोय. खिडकी उघडावी तर खिडकीखाली दुकानाचाच धूर सोडणारा पंखा. मी भेटायला गेले तेव्हा तिने तोंडावर ओढणी धरली होती.

"भूक लागते का गं?"

"तेच तर कळत नाही. पोट गप्प आहे. तोंडच बोंब मारतंय."

खाली नवरा तळत होता. माणूस कष्टाळू, पण तळण त्याच्या हातात नाही. काप कधी तेलकट उतरत, कधी बाहेरून करपून आत कच्चे. गॅरेजवाल्याने एकदा पुडा उघडून बघितला आणि विचारलं, "वहिनी कधी येणार?" मग ज्याला त्याला तोच प्रश्न. डॉक्टरांनी हलकं काम करायची परवानगी दिली आणि वहिनी पुन्हा तळणीपुढे उभी राहिली. दुसरं कोण उभं राहणार होतं?

आता घाणा उतरायचा आणि पहिला काप झाऱ्यातच राहायचा. ती त्याच्याकडे बघायची आणि मान फिरवून मीठ भुरभुरायची. मीठ अंदाजाने.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी तिला समजावून सांगितलं होतं. आधी अंडं, मासा, कोंबडी असं ताकदीचं खायचं, बटाट्याचा नंबर शेवटी. खाताना पाणी नाही, घास बारीक चावायचा, आणि तळलेलं शक्य तितकं लांब. "कुरकुरीत खावंसं वाटलं तर भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, भाजून बघा," त्या म्हणाल्या होत्या. वहिनीने ते मनावर घेतलं. वरच्या स्वयंपाकघरात तिचे प्रयोग सुरू झाले. लाल भोपळ्याचे काप भट्टीत घातले, ते ओल्या चिंध्यांसारखे बाहेर आले. गाजराचे बरे झाले, पण गोड लागले. कोबीची पानं भाजली तर ती कागदासारखी जळाली. नणंदेने एअर फ्रायर आणून दिला आणि मग रोज फोनवर चौकशी, "वापरतेस ना गं? काय केलंस आज? किती खाल्लंस?"

किती खाल्लंस, हा प्रश्न त्या घरात सगळ्यांच्या जिभेवर बसला. सासूबाईंना वाटायचं सून उपाशी मरतेय, त्या तिच्या बशीत गुपचूप आणखी वाढायच्या. नवऱ्याला वाटायचं ती जास्त खाईल आणि सगळं मुसळ केरात जाईल, तो बशीवर डोळा ठेवून असायचा. एक वाढतेय, एक बघतोय, फोनवर तिसरी विचारतेय, आणि मध्ये ही वाटीभर जेवण चावत बसलेली.

"ताई, आधी निदान माझं जेवण माझं होतं," ती मला म्हणाली. "आता ती पंचायतीची सभा झालीय."

एका दुपारी दुकानात भरपूर गर्दी होती. शाळा सुटली होती. अचानक पलीकडचा झाऱ्याचा आवाज थांबला, आणि माझ्या दारात वहिनी उभी. चेहरा पांढरा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. मी कापड बाजूला सारून तिला कापायच्या टेबलावर आडवं केलं. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, पोटात कळ मारत होती.

"काय झालं?"

"खाल्ले," ती म्हणाली. "मूठभर. गरम गरम. चावलेसुद्धा नाहीत नीट."

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पडून राहायला सांगितलं, आणि उतरलं नाही तर लगेच घेऊन या म्हणाले. तासाभराने तिला बरं वाटलं, पण त्याआधीच भिंतीपलीकडून नवऱ्याची हाक आली, "अगं, आहेस कुठे? लोक खोळंबलेत!" ती टेबलावर डोळे मिटून पडून होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं, ते पुसायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

"पोट बदललं हो ताई. जीभ तीच राहिली. आणि कामही तेच."

मी तिच्या नवऱ्याला भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं, तुझा तू तळ आज.

त्यानंतर तिने भोपळा, गाजर सगळं सोडलं. म्हणाली, मला दुसऱ्या कशाची सोंगं नकोत, बटाटाच हवा. सालासकट बटाटे अर्धवट उकडायचे, पूर्ण गार करायचे, कापून फडक्यावर सुकवायचे, चमचाभर तेल हाताने चोळायचं, आणि रिकामा ट्रे भट्टीत आधी सणसणीत तापवून त्यावर मोकळे मोकळे मांडायचे. किती ट्रे वाया गेले देव जाणे. पण एक दिवस ती बशी झाकून माझ्याकडे आली. बशीत भाजलेल्या कोंबडीचे दोन तुकडे आणि बाजूला चार काप. आधी तिने कोंबडी खाल्ली, सावकाश. मग एक काप उचलून कानाजवळ मोडला. कट्ट आवाज आला. ती खुदकन हसली.

"तळलेल्याची सर नाही," खाऊन ती म्हणाली. "पण खोटंही नाही."

तिसऱ्या कापाला पोट भरलं. चौथा मी खाल्ला. छान होता.

ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली, आणि तिथेच फसली. नवऱ्याच्या डोक्यात दिवा पेटला. आठवडाभरात दुकानात मोठी भट्टी आली आणि काचेवर भलामोठा फलक लागला. डावीकडे वहिनीचा नणंदेच्या लग्नातला जुना फोटो, उजवीकडे आताचा, आणि खाली ठळक अक्षरांत, 'वहिनींचे भाजलेले काप! खा आणि बारीक व्हा!'

लोक लोटले. काप घ्यायला कमी, वहिनीला बघायला जास्त. एक बाई फोटोकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. दुसरीने काउंटरवरून हात लांबवून तिच्या दंडाची लोंबती कातडी चिमटीत धरली आणि विचारलं, "ही आत जात नाही का हो?" कुणी विचारे, किती किलो उतरले. कुणी सांगे, आमची जाऊबाई उतरली होती, पुन्हा चढली. वहिनी एका हाताने तळत होती, दुसऱ्या हाताने भाजलेले भरत होती, आणि पाणी प्यायला वळली तरी कुणीतरी म्हणायचं, "बघा, पाणीच पिते, म्हणून बारीक." तळणी समोर, भट्टी मागे, बाजूला काच, आणि काचेवर तीच.

मी तिच्या नवऱ्याशी बोलले. तो खरंच चकित झाला. "ताई, मला अभिमान वाटतो तिचा. वाईट काय केलं मी?" त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, म्हणून तर आणखी कठीण.

पुढच्या आठवड्यात गर्दीतच वहिनीने झारा खाली ठेवला, हात पुसले आणि नखाने फलकाचा कोपरा उचलायला सुरुवात केली. गोंद पक्का होता. फोटो फाटत फाटत निघाला.

"अगं, काय करतेस? तुझाच फोटो आहे!"

"माझा आहे म्हणूनच काढतेय."

"लोक त्यासाठीच येतात ना."

"मग मी घरात जाते, तुम्ही फोटोकडून तळून घ्या."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.  नवरा वाकून जमिनीवरचे तुकडे गोळा करू लागला. नंतर त्याने काच खरवडून साफ केली. भाजलेले काप मात्र विकायचे ते विकतच राहिले, आणि ते करायचेही वहिनीनेच.

त्या रात्री जेवताना तिने त्याला विचारलं होतं, तळणाला दुसरं कुणी ठेवूया का? तो म्हणाला, तुझ्या हातचं म्हणून लोक येतात, दुसरं कुणी ठेवून बघितलं तर दुकान बसेल. हे तिने मला सांगितलं आणि वर म्हणाली, "खरं आहे ते. तेच वाईट आहे."

एक अट तिने मान्य करून घेतली. चाखायचं काम नवऱ्याचं. घाणा उतरला की ती हाक मारते, "अहो, या," आणि तो हातातलं सोडून येतो, काप चावतो, मीठ कमी की जास्त ते सांगतो. परवा त्याची पँट माझ्याकडे आली, कमरेत सैल करायला. मी ती उसवायला घेतली.

आता गर्दी ओसरली की वहिनी बशी झाकून माझ्याकडे येते आणि मशीनच्या मागच्या स्टुलावर पाठ फिरवून बसते. किती खाल्लंस, असं मी तिला विचारत नाही. शिवत राहते. ती आधी अंडं खाते, मग काप, एकेक, पुष्कळ वेळ चावून. काल दुसऱ्याच कापाला पलीकडून नवऱ्याची भिंतीवर थाप पडली. तिने बशी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"ठेवू का झाकून?" मी विचारलं.

"नको. गार झाले की चामड्यासारखे होतात," ती म्हणाली, आणि गेली. थोड्या वेळाने पलीकडे तेल चुरचुरायला लागलं.