मंगळवारची बाई

यजमानांना घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता उपचार नाहीत, जेवढं सुखाचं करता येईल तेवढं करा. दर मंगळवारी दुपारी एका सेवाभावी संस्थेतर्फे एक बाई येऊन यांच्याजवळ बसतील, तेवढ्यात तुम्ही बाहेर जा, जरा मोकळं वाटेल. आणि हो, पैसे लागत नाहीत.

फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. पुण्यात कोणी कोणाला पत्तासुद्धा धड सांगत नाही, आणि ही बाई कात्रजहून बस बदलून माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसायला येणार? त्यातून आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं घाटत होतं. आजारी माणसाच्या घरात कुठला एजंट कोणाला घुसवेल, काही सांगता येत नाही.

बाई आली. माझ्याच वयाची, निवृत्त शिक्षिका. चहा विचारला तर नको म्हणाली. पाणीही स्वतःचं आणलेलं. चहाला नाही म्हणणाऱ्या माणसावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि भाजीला जाते सांगून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. वॉचमनने विचारलं, "काकू, कोणाची वाट बघताय?" त्याला काय सांगणार, कपाळ!

संशय वाढतच गेला. मी परत येऊन बेल वाजवली की आतलं बोलणं बंद व्हायचं. बाई गेल्यावर हे थकलेले दिसायचे, पण चेहरा कसा निवांत. सोमवारपासूनच विचारायचे, "उद्या मंगळवार ना?" अंगाचा भडका उडायचा. औषधं मी देते, अंग मी पुसते, डायपर मी बदलते, आणि वाट बघायची तिची!

"एवढं काय बोलता हो तिच्याशी?"

"काही नाही गं. इकडचं तिकडचं."

एका मंगळवारी मी खाली उतरले आणि तशीच परत वर आले. आवाज न करता लॅच उघडलं. खोलीतून विव्हळणं ऐकू आलं, मग एकदम मोठ्यांदा, "आई गं!" हा यांचा आवाज? दुखतंय का विचारलं की आजवर 'ठीक आहे' याशिवाय उत्तर आलं नव्हतं. ही बाई यांना काहीतरी करतेय, या खात्रीने मी दाराला हात घातला.

"ती यायच्या आत ओरडून घेतो," हे म्हणत होते. "तिच्यासमोर नाही जमत. घाबरते हो ती."

"ओरडा की. पण डॉक्टरांना सांगायला हवं, ते औषध वाढवतील."

"सांगा. तिला नका सांगू."

मी हात काढून घेतला. इतकं लागलं मनाला! सगळा संसार एकत्र केला आणि कण्हायला परकी बाई लागली. पाय न वाजवता खाली गेले. नेहमीच्या वेळेला बेल वाजवली. "भाजी बरी मिळाली का?" यांनी विचारलं. माझ्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. म्हटलं, "मिळाली."

बाईला सोडायला जिन्यापर्यंत गेले. "मी ऐकलंय," एवढंच म्हणाले. मग मी विचारलं, "चहा का घेत नाही तुम्ही?"

"आमच्या संस्थेचा तसा नियमच आहे. चहा घेतला की घरची बाई स्वयंपाकघरात अडकते. बाहेर जातच नाही."

डॉक्टरांनी औषध वाढवलं. तरी सकाळी अंग पुसताना कुशीवर वळवलं की यांचे ओठ घट्ट मिटत. आता मला ते दिसायला लागलं होतं.

"दुखतंय?"

"नाही गं. ठीक आहे."

मी ओला पंचा बाजूला ठेवला, दार लोटून घेतलं आणि यांचा हात हातात घेतला. "अहो, मी घरात नाहीये. खाली गेलेय."

यांनी डोळे मिटले. मग माझं मनगट आवळून धरलं आणि ओरडले. काय झालं म्हणून शेजारणीने बेल वाजवली. मी उठले नाही.