शिवणीकडचा समास

मे महिन्याच्या सुट्टीत नववीच्या मुलांना मी एक उद्योग लावून देते. प्रत्येकाला एक गोष्टींचं पुस्तक, एक पेन्सिल आणि एकच अट: वाचताना मनात जे येईल ते तिथल्या तिथे समासात लिहायचं. आवडलं तर का आवडलं, पटलं नाही तर का नाही.

पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी ही पोरं. गडमुडशिंगीहून येणाऱ्या एकाने उभं राहून खात्री करून घेतली, "मॅडम, खरंच लिव्हायचं? पुस्तकातच?" गाईडमधली उत्तरं पिवळ्या शाईने रंगवताना त्यांना काही वाटत नाही. पण छापलेल्या ओळीशेजारी 'मला हे पटलं नाही' असं लिहायचं म्हणजे मोठ्या माणसाला उलट बोलायचं. मला नेमकं तेच शिकवायचं होतं.

पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयातून बाद झालेली होती. रद्दीत निघाली होती, मी मागून घेतली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का तसाच होता: पुस्तकात लिहू नये, खुणा करू नयेत. त्यावर काट मारावी हे काही मला सुचलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी पुस्तकं गोळा केली. बऱ्याच जणांनी पानोपानी 'छान' लिहून माझी बोळवण केली होती. एकाने 'हे पान लई कंटाळवाणं हाय' असं सात ठिकाणी लिहिलं होतं, त्याचं मी मनापासून कौतुक केलं. मग दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक हातात आलं. ही मुलगी कमी बोलायची, पण निबंधात एखादं वाक्य असं लिहायची की मी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचे. सगळ्यात जास्त अपेक्षा तिच्याकडून होती. अंगठ्याने मी पानं फर्रकन सोडली. समास कोरे.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि अपेक्षाभंग झाला की तो तिथेही थांबत नाही. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सुट्टीभर उशाला घेऊन झोपलीस काय गं? कोरं पुस्तक परत आणताना लाज नाही वाटली?" वर्ग हसला. ती माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती. "चुकलं मॅडम," एवढंच म्हणाली आणि बसली. तेवढ्याने माझं समाधान झालं होतं, हे आज आठवलं की मला माझीच चीड येते.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. एका छापखान्यात बायंडिंगचं काम करतात. बोटांच्या पेरांवर खळ वाळलेली होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"पोरगी दोन दिस धड जेवंना, मॅडम. तिच्या आईनं खोदून इचारलं तवा कळलं. पुस्तक कोरं नव्हतं. पानापानाला लिव्हलंतं तिनं. मी खोडलं."

मी डबा बाजूला सारून उभी राहिले.

"ती सांगत हुती, मॅडमनीच लिव्हायला सांगितलंय म्हणून. मी म्हटलं, कुठली मॅडम पुस्तकात लिव्हा म्हणती? आत शिक्का हाय की. शाळंचं पुस्तक घाण करून कसं द्यायचं? आख्खा रविवार बसलो रबर घिऊन. कागद जुना, जोर लावला की फाटतोय, म्हणून दमानं खोडलं."

म्हणजे वर्गात तिला एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. वडिलांवर वर्ग हसू नये म्हणून तिने माझी बोलणी खाल्ली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय लिहिलं होतं तिने?" मी विचारलं.

"समदं कसं सांगू? जलमभर पुस्तकं शिवली, पर आमी वाचत न्हाय. वाचत बसलं तर काम कवा हुणार? ह्या बारीला खोडायचं म्हटल्यावर काय खोडतोय ते बघावं लागलं." त्यांनी पेरावरची वाळकी खळ नखाने खरवडली. "एक न्हाय खोडलं. हात चालंना. त्याबद्दल काय शिक्षा असंल ती मला द्या, तिला नगं."

मी कपाटातून पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते एका हाताच्या तळव्यावर धरलं, मधोमध उघडलं आणि शिवण अंगठ्याने दाबून पान सपाट केलं. बाहेरच्या समासात जागा उरली नसावी, म्हणून तिने आतल्या बाजूला, शिवणीलगत, बारीक अक्षरात लिहिलं होतं. नुसती पानं सोडणाऱ्याला ते दिसणारच नव्हतं.

ती गोष्ट मुलीशी कधी चार शब्द न बोलणाऱ्या बापाची होती. शेजारी हिने लिहिलं होतं: 'लेखकाला या माणसाचं वाईट वाटतंय. मला नाही वाटत. अब्बा दर जूनला माझ्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून नवी वही शिवतात आणि न सांगता दप्तरात ठेवतात. ते बोलणंच असतं.'

वडील खिडकीबाहेर बघत होते. मी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी वर्गासमोर तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. "हिने लिहिलं होतं. मीच पुस्तक नुसतं चाळलं, वाचलं नाही," असं म्हटलं. कोणी हसलं नाही. तास संपल्यावर तिला जवळ बोलावून ते पान उघडून दिलं.

"हे खोडायचं राहिलं व्हय?" तिने विचारलं.

"राहिलं नाही. तुझ्या अब्बांनी ठेवलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खोडलं. पण खोडायच्या आधी एकूण एक ओळ वाचली."

तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"मग चालतंय की, मॅडम," ती म्हणाली.