दोन किलोमीटर, तीन मिनिटं, एक मेमो

मंडळी, आज बोलून बोलून थकलोय.

कान्हे गावाजवळच्या आमच्या कंपनीची बस चालवणाऱ्या बबनभाऊंना आज मेमो मिळाला. गेटकडे येणाऱ्या रस्त्यावर मर्यादा ताशी तीस. बसमधल्या जीपीएस मशीनच्या रिपोर्टमध्ये दोन किलोमीटर, तीन मिनिटं, म्हणजे सरासरी चाळीस.

मेमो देणाऱ्या साहेबांना म्हटलं, मशीन फक्त जवळचा पूर्ण आकडा दाखवतं. खरं अंतर दीड ते अडीच किलोमीटर, वेळ अडीच ते साडेतीन मिनिटं. वेग सव्वीस असेल, नाहीतर साठच्या आसपासही!

"पण रिपोर्टमध्ये चाळीसच आहे ना?"

बाहेर बबनभाऊंनी विचारलं, "म्हंजी मी गाडी जोरात हाणली न्हाई ना?"

"यातून ते कळत नाही, भाऊ."

"मग त्यास्नी कसं कळलं?"

मंडळी, याचं उत्तर तुम्हाला सुचतंय?