डाळिंबी साडीची चिठ्ठी
मार्करचं टोपण काढलं, की त्या उग्र वासानं मला मेहकरचं साड्यांचं दुकान आठवतं. तिथं मी नोकरीला होते. दिवाळीच्या सेलआधी आम्ही साड्यांना दुप्पट किमतीच्या चिठ्ठ्या लावायचो, ती किंमत लाल मार्करनं खोडायचो आणि खाली जुनीच लिहायचो. एकदा सुलतानपूरचे एक काका आजारी बहिणीसाठी आठशेची डाळिंबी साडी घेत होते. सेलला गर्दी व्हावी म्हणून मालकानं शिकवलेलं वाक्य मी सवयीनं बोलून गेले, "काका, पंधरा दिवस थांबा, सेलमध्ये अर्ध्या किमतीत भेटन." काका थांबले. सेलच्या पहिल्याच सकाळी ते आले आणि चिठ्ठी निरखत राहिले. सोळाशे खोडलेले, खाली आठशे. "पोरी, हे तवाबी आठशेलेच होती ना?" माझी मान खाली गेली. ते भांडले नाहीत. "दे बांधून. पहाटे बहीण गेली. माहेरची साडी आंगावर टाका लागते." आता खोट्या सवलतीला कायद्यानं बंदी आहे, तक्रारही करता येते. काकांनी मात्र पायरी उतरताना एवढंच विचारलं होतं, "रंग उजळ हाये ना? तिले उजळ आवडे."